फौजी टोपीचा मूळ मालक कसा शोधायचा: कामठीच्या पेटीपासून रेकॉर्ड ऑफिसपर्यंत

नागपुरात जुनी लष्करी टोपी हाती लागते ती बहुतेक वेळा कामठीच्या वाटेनं आलेली असते. १८२१ पासूनची ही छावणी. तिथे पलटणी आल्या, गेल्या, साहेब बदलले, पेन्शनर आजूबाजूला घरं बांधून राहिले. मग कधीतरी घराच्या वाटण्या होतात, माळा रिकामा होतो आणि लोखंडी पेटी कबाड्याच्या ठेल्यावर चढते. कबाडी धंद्याला पक्का असतो. तो पितळी बॅज वेगळा काढतो, पेटी वेगळी विकतो, कागद रद्दीत घालतो आणि टोपी गोरा बाजारात, इतवारीत किंवा बर्डीच्या फुटपाथवर येते. मालकाची ओळख सांगणाऱ्या चार गोष्टी एका दुपारीच चार दिशांना जातात.

टोपी हातात आली की लोक आत नाव शोधतात, सापडलं की ते इंटरनेटवर टाकतात आणि पहिल्या जुळणाऱ्या माणसाला मालक ठरवून मोकळे होतात. असं केलं तर चुकीच्याच घराचं दार वाजणार. क्रम असा ठेवावा: आधी पलटण, मग नंबर, सगळ्यात शेवटी नाव. आपल्याकडच्या टोपीच्या बाबतीत तर हा क्रम मोडूच नये. त्याची कारणं पुढे येतील.

कबाड्याशी बोलणं

पहिलं काम विक्रेत्याकडे. भाव करण्याआधी विचारा, "भाऊ, ही कोणत्या घरून आली? याच्यासोबत पेटी होती काय?" भाव ठरल्यावर विचारलं तर उत्तर गुळमुळीत मिळतं, आणि फार उत्सुकता दाखवली तर कहाणी आयती तयार होऊन मिळते. "कर्नल साहेबाच्या बंगल्यातून आली" हे वाक्य फुकट असतं, त्याचे पैसे देऊ नका. मोहल्ला, रस्ता, घर पाडलं की विकलं, साधारण कोणत्या महिन्यात, एवढं कळलं तरी पुष्कळ.

पेटीबद्दल मुद्दाम सांगतो. आपल्या फौजेत माणसाचं नाव टोपीपेक्षा पेटीवर जास्त खात्रीनं सापडतं. काळ्या लोखंडी ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि बरेचदा गावाचं रेल्वे स्टेशनही लिहिलेलं असतं, कारण ती पेटी रेल्वेनं एकटी जायची. पेटी घ्यायला जागा नसेल तर निदान सगळ्या बाजूंचे फोटो काढा. वरून नवा रंग दिलेला असेल तर टॉर्च आडवी धरून बघा, जुन्या अक्षरांचा उंचवटा दिसतो. सोबत बिस्तरबंद, पट्टा, पाणी प्यायचा मग, जेवणाची ताटली असेल तर त्यांवरही नंबर कोरलेला असतो. पितळी मगावर खिळ्यानं ठोकलेला नंबर टोपीतल्या शाईपेक्षा भरवशाचा, कारण कपडा बदलून मिळायचा, हा मग मात्र सहसा बदलून मिळत नसे.

धुऊ नका

घरी आणल्यावर टोपी धुऊ नका, ड्रायक्लीनला देऊ नका, बॅजला पॉलिश लावू नका. आजच्या साबणात कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं असतात. ती एकदा कापडात बसली की पुढची यूव्ही दिव्याची तपासणी निकामी होते. आतल्या चामडी पट्टीला खोबरेल तेल लावण्याचा मोह नागपूरच्या मे महिन्यात फार होतो, कारण ती कडक होऊन तडकते. तेल लावलं की शाई पसरते आणि शिक्के जातात. कसर लागलेली दिसली तर टोपी बंद पिशवीत घालून काही दिवस घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका.

मग फोटो: बाहेरून चारही बाजू, बॅज पुढून-मागून, बटणांची पाठ, अस्तर, चामडी पट्टी उलटी करून तिची आतली बाजू. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक नावं, नंबर आणि शिक्के पट्टीच्या मागेच असतात, आणि पट्टी न उलटवता "आत काहीच नाही" म्हणून टोपी विकणारे खूप आहेत.

आधी काळ ठरवा

मालक शोधायचा तर टोपी कोणत्या सालच्या अलीकडची असू शकत नाही आणि कोणत्या सालच्या आधीची असू शकत नाही, हे आधी बांधून घ्यावं लागतं. यासाठी काही ठोस खुणा आहेत.

भारतीय पलटणीच्या बॅजवर किंवा बटणावर ब्रिटिश मुकुट असेल तर माल २६ जानेवारी १९५० पूर्वीचा. त्यानंतर भारतीय फौजेच्या चिन्हांत अशोकाचे सिंह आले. १९४७ ते १९५० या मधल्या काळात मुकुट चालूच होता, म्हणून मुकुट दिसला की लगेच "ब्रह्मदेशच्या लढाईतली" म्हणू नये. लेबलावर पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. आपली पिनकोड पद्धत त्या दिवशी सुरू झाली. माप ६ ७/८ किंवा ७ असं इंचांच्या पद्धतीत असेल तर जुन्या काळाकडे कल, ५६ किंवा ५७ असं सेंटिमीटरमध्ये असेल तर भारतीय माल बहुधा मेट्रिक पद्धत रुजल्यानंतरचा. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा निघाला तर टोपी महायुद्धातली नाही. तो दोरा बाजारात आला १९५० च्या दशकात. सुटा तंतू जाळून बघता येतो: सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. अर्थात तंतू आतल्या शिवणीतून, अगदी एवढासा घ्यायचा. दुरुस्ती नंतर झालेली असू शकते, म्हणून एकाच जागचा दोरा बघून निकाल देऊ नये.

नोटा तपासायचा यूव्ही दिवा इथेच बाजारात मिळतो. अंधारात धरला की नवं सिंथेटिक कापड निळसर पांढरं चमकतं, जुनी लोकर मंद राहते. मात्र अस्सल टोपी कुणी आधीच पावडरमध्ये धुतली असेल तर तीही चमकेल, तेव्हा चमकली की खोटी असं समीकरण करू नका.

अस्तरावर तीन रेघांचा बाण छापलेला असेल तर तो सरकारी मालाचा शिक्का. ब्रिटनमध्ये तो चालायचा आणि आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, त्यामुळे नुसत्या बाणावरून काळ ठरत नाही. बाण इंग्रजी सी अक्षराच्या पोटात असेल तर माल कॅनडाचा. "ओसीएफ" असं छापलेलं असेल तर आपल्या ऑर्डनन्स क्लोदिंग फॅक्टरीचा. शाहजहानपूरची फॅक्टरी १९१४ पासूनची आहे. बटणाच्या पाठीवर गाँट किंवा फर्मिन अशी नावं आली तर बटण इंग्लंडचं, पण टोपी तिथलीच असं नाही. बटणं जुन्या टोपीची नव्या टोपीवर चढवणं हे तेव्हाही चालायचं.

बॅजवर किती विश्वास ठेवायचा

कमी. बॅज दोन पाकळ्यांनी किंवा एका पट्टीनं टोपीत खोचलेला असतो, काढायला घालायला पाच सेकंद लागतात. बॅज काढून त्याखालचं कापड बघा. वर्षानुवर्षं बसलेल्या बॅजखाली कापड गडद राहतं आणि त्याच आकाराची सावली दिसते. सावली गोल आणि बॅज चौकोनी असेल तर बॅज कबाड्यानं लावलेला आहे. भोकांच्या कडांना हिरवट गंज नसेल तरीही तसंच.

विदर्भात जास्त फिरणारे बॅज आणि त्यांच्या तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली आणि तिची दुसरी बटालियन १९४२ मध्ये आपल्या कामठीत. सुरुवातीच्या बॅजवर कोरेगावचा स्तंभ होता. ही रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली १९४६ मध्ये, आणि एकमेकांवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन बॅजवर आल्या त्या तेव्हापासून. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. म्हणजे तिरप्या मशीनगनचा बॅज दाखवून कुणी "१९४३ ची, ब्रह्मदेशातली" सांगत असेल तर टोपी कदाचित जुनी असेल, पण बॅज त्या लढाईतला नाही. पहिल्या महायुद्धातली महार पलटण वेगळी: १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार, जी १९२१ मध्ये मोडली. तिची खूण असलेली वस्तू खरी निघाली तर ती फार दुर्मीळ, आणि म्हणूनच तिच्या नकलेला बाजार आहे.

गरुडाचा बॅज असलेली ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची टोपी नागपुरात सर्रास मिळते, कारण त्यांचं रेजिमेंटल सेंटर कामठीला आहे. ही रेजिमेंट १९४९ ची. ती टोपी १९६५ ची असेल, १९७१ ची असेल, महायुद्धातली असूच शकत नाही. मराठ्यांच्या पलटणींना १०३, ११० असे आकडे १९२२ च्या फेररचनेपर्यंत होते, त्यानंतर त्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या. आकडा असलेला बॅज म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळाकडे बोट.

आझाद हिंद सेनेच्या टोप्यांबद्दल एवढंच सांगतो की बाजारात दिसणारी जवळजवळ प्रत्येक टोपी संशयानं बघावी. मागणी भरपूर, भावना मोठी आणि खरा माल अगदी थोडा, अशा ठिकाणी नकली माल हमखास तयार होतो.

आतला मजकूर वाचणं

फिकट शाई वाचायला महागडी यंत्रं लागत नाहीत. टॉर्च जवळजवळ आडवी धरून फोटो काढा, पेनाच्या दाबाचे खाचे दिसतात. यूव्ही दिव्याखाली जुनी लोहयुक्त शाई कापडापेक्षा काळी उठून दिसते. फोनमधल्या फोटोचा रंग काढून कॉन्ट्रास्ट वाढवा, निगेटिव्ह करून बघा. दिसलेलं अक्षर जसंच्या तसं वहीत उतरवा आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. तीन आणि आठ, एक आणि सात यांची अदलाबदल अनेकांना भलत्या माणसाकडे घेऊन गेली आहे.

अफसरांच्या पी-कॅपमध्ये, म्हणजे पुढे झापड असलेल्या गोल टोपीत, टाळूवर चौकटीच्या आकाराचं पारदर्शक सेल्युलॉइड असतं आणि त्याखाली नावाचं कार्ड सरकवलेलं असतं. अफसर आपली टोपी पदरच्या पैशानं शिंप्याकडून घ्यायचे, त्यामुळे तिथे लंडन, मुंबई किंवा कलकत्त्याच्या दुकानाचं नाव मिळतं. दुकानाचं नाव सापडलं तर गिऱ्हाइकांची वही मिळेल या आशेवर मात्र बसू नका. कार्ड निघत असेल तरच काढा, सेल्युलॉइड ठिसूळ होतं. ज्या टोपीला सेल्युलॉइड असेल तिच्यासोबत डांबरगोळ्या ठेवू नका, चिकटून डाग पडतात.

शिपायाच्या साइड कॅपमध्ये, म्हणजे घडीच्या कापडी टोपीत, बहुधा नुसता नंबर असतो. कधी दोन नंबर असतात, एक खोडलेला. असं दिसलं तर आनंद माना: टोपी स्टोअरला परत जाऊन दुसऱ्याला मिळाली होती, आणि तुमच्यापुढे आता दोन मालक आहेत. मूळ मालक म्हणजे पहिला की शेवटचा, हे आधी ठरवा. कुटुंबाला शोधायचं असेल तर शेवटचा महत्त्वाचा, कारण टोपी त्याच्याच घरी गेली.

नंबर काय सांगतो

भारतीय शिपायाचा महायुद्धकाळातला नंबर रेजिमेंटपुरता असायचा. म्हणजे तोच आकडा मराठा लाइट इन्फंट्रीत एकाकडे आणि महार रेजिमेंटमध्ये दुसऱ्याकडे असू शकतो. म्हणूनच पलटण ठरल्याशिवाय नंबर आंधळा. नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर जोडलेलं असेल तर तो स्वातंत्र्यानंतरचा. सुरुवातीला "आयसी" असेल तर भारतीय कमिशन असलेला अफसर, "जेसी" असेल तर स्वातंत्र्यानंतरचा नायब सुभेदार, सुभेदार किंवा सुभेदार मेजर. "ईसी" इथे पाय घसरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या आणीबाणी कमिशनलाही, म्हणजे युद्धापुरत्या नेमलेल्या अफसरांनाही, ही अक्षरं होती आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर घाईनं भरती केलेल्या अफसरांनाही. त्या दोन माणसांच्या वयात वीस वर्षांचं अंतर आहे. कोणती ते टोपीचं कापड, मुकुट आणि लेबल सांगेल.

ब्रिटिश शिपायाच्या नंबराची गोष्ट निराळी. १९२० पासून ब्रिटिश सैन्यानं प्रत्येक दलाला आकड्यांचे गठ्ठे वाटून दिले. ७२१००१ ते १८४२००० रॉयल आर्टिलरीचे, १८४२००१ ते २३०३००० रॉयल इंजिनीअर्सचे, त्यापुढे २६०४००० पर्यंत सिग्नल्सचे. जुलै १९४२ पासून नव्या भरतीला सरसकट १४ नं सुरू होणारे आठ अंकी नंबर मिळू लागले. माणूस दुसऱ्या दलात गेला तरी नंबर तोच राहायचा. त्यामुळे नंबर तोफखान्याचा आणि बॅज पायदळाचा असेल तर लगेच खोटं ठरवू नका; बदली झालेल्या माणसाचं ते बरोबर वर्णन असू शकतं, आणि शोध उलट अरुंद होतो.

अमेरिकन टोपीत एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे असतात. ते अक्षर आडनावाचं पहिलं, आकडे सर्व्हिस नंबरचे शेवटचे चार. धोबीघाटात कपडे ओळखता यावेत म्हणून ही युक्ती होती. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या ऑनलाइन भरती यादीत सुमारे नव्वद लाख नोंदी आहेत. आडनावाचं अक्षर आणि शेवटचे चार आकडे मिळून उमेदवार थोडे उरतात, एक मात्र क्वचितच. पुढचे कागद मागितले तर निराशेची तयारी ठेवा. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या रेकॉर्ड केंद्राला आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात सुटलेल्या लष्करी लोकांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांच्या फायली जळाल्या.

कोणाकडे मागायचं

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळापासून करा, शोध फुकट आहे. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या सुमारे सतरा लाख लोकांची नोंद तिथे आहे. भारतीय शिपायांच्या नोंदीत बरेचदा वडिलांचं, पत्नीचं आणि गावाचं नाव मिळतं. पण एक साधी गोष्ट विसरली जाते. त्या यादीत फक्त मेलेले आहेत, आणि घरी परत आलेली टोपी बहुधा घरी परत आलेल्या माणसाची असते. तुमचं नाव तिथे बिनचूक सापडलं तर आनंदाआधी शंका घ्या. नकली माल करणारेही हीच यादी वाचतात, शहीद झालेल्याचं नाव टाकलं की भाव तिप्पट होतो. शौर्यपदक मिळवलेल्यांच्या नावांचंही असंच. माझ्या मते आत ठळक, सुंदर अक्षरात पूर्ण नाव, हुद्दा आणि पलटण लिहिलेली टोपी ही घामट पट्टीवर अर्धवट नंबर असलेल्या टोपीपेक्षा जास्त संशयास्पद असते. शिपाई स्वतःचं चरित्र टोपीत लिहीत नसतो.

भारतीय रेजिमेंटची टोपी असेल तर पत्र त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं. महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, गार्ड्सचं कामठीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्स आणि ग्रेनेडियर्सचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचं, सिकंदराबादला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला. बलूच किंवा फ्रंटियर फोर्सचा बॅज निघाला तर ती रेजिमेंट फाळणीत पाकिस्तानकडे गेली, तिचं सेंटर अबोटाबादला. गोरख्यांच्या दहापैकी दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी ब्रिटनकडे गेली, बाकी सहा आपल्याकडे राहिल्या.

पत्रात काय मागायचं ते महत्त्वाचं. पेन्शन नसलेल्या जवानाची सेवा कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट केली जातात. महायुद्ध संपल्यावर घरी पाठवलेले बहुतेक लोक असेच पेन्शनविना सुटलेले. त्यांचं "सर्व्हिस बुक" मागाल तर "नष्ट केले" एवढंच उत्तर येणार. त्याऐवजी "लाँग रोल" या रजिस्टरातली नोंद मागा. भरती, सुटका, कारण आणि गाव अशी त्रोटक माहिती त्यात असते आणि ते रजिस्टर जपून ठेवलं जातं. अनेक निवृत्त लोकांचे न्यायालयीन दावेही याच एका ओळीवर उभे राहिले आहेत.

आधी साधं, नम्र पत्र लिहा: टोपीचे फोटो, नंबर, पलटण आणि तुम्हाला माहिती का हवी. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे, शुल्क दहा रुपये आणि मुदत तीस दिवसांची. त्या कायद्याच्या कलम ८(३) चा आधार घ्या. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, काही अपवाद सोडता, देणं त्यात अपेक्षित आहे. कुटुंबाचा आजचा पत्ता मात्र मागू नका, तो खासगी म्हणून नाकारला जाईल. त्याऐवजी विनंती करा की तुमचं पत्र त्यांनी वारसाकडे पुढे पाठवावं. हे काम रेकॉर्ड ऑफिसला सोपं पडतं आणि कुणाची गुप्तताही मोडत नाही.

ब्रिटिश माणूस अफसर असेल तर लंडन गॅझेट हे तिथलं सरकारी राजपत्र आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं स्कॅन केलेल्या आर्मी लिस्ट, म्हणजे अफसरांच्या छापील याद्या, फुकट बघता येतात. भारतीय सैन्यातल्या गोऱ्या अफसरांचे कागद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. ब्रिटिश शिपायांच्या फायली संरक्षण मंत्रालयाकडून लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे २०२२ पासून जात आहेत, एकूण ९७ लाखांच्या घरात. जन्माला ११५ वर्षं झाली नसतील तर मृत्यूचा पुरावा जोडावा लागतो.

नागपुरातल्या नागपुरात

माणूस इथलाच असण्याची शक्यता असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सगळ्यात उपयोगी. तिथे माजी सैनिक आणि विधवांची नोंद असते. त्यातही एक यादी विशेष: दुसऱ्या महायुद्धातले ज्यांना पेन्शन नव्हतं ते सैनिक आणि त्यांच्या पत्नी यांना राज्य सरकार दरमहा आर्थिक मदत देतं. म्हणजे ज्यांचे कागद रेजिमेंटकडे उरले नाहीत, नेमक्या त्यांचीच नावं इथे असू शकतात. यादी तुमच्या हातात देणार नाहीत, पण नंबर आणि पलटण दिली तर जुळतंय का एवढं सांगायला सहसा हरकत नसते.

जुन्या कागदांसाठी विदर्भ अभिलेखागार आहे, मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारचे दप्तर तिथे. युद्धकाळातल्या बातम्यांसाठी वाचनालयांतले जुने अंक बघा. १९११ पासूनचं "हितवाद" यासाठी चांगलं, त्या काळात भरती, पदकं आणि परत आलेल्या पलटणींच्या बातम्या यायच्या. वरचा बॅज किंवा नाव कळलं की तारखांचा पट्टा अरुंद होतो आणि वर्षानुवर्षांचे गठ्ठे चाळावे लागत नाहीत.

गावाचं नाव हाती आलं की जिल्ह्यांचा गोंधळ सुरू होतो. १९४० च्या नोंदीत "चांदा" असेल तर ते गाव आज चंद्रपुरात असेल किंवा १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत. "भंडारा" असेल तर १९९९ नंतरच्या गोंदियातही शोधा. नुसतं "सी.पी.", म्हणजे मध्य प्रांत, असेल तर छिंदवाडा, बालाघाट, दुर्ग हेही त्याच प्रांतात होते आणि आज दुसऱ्या राज्यांत आहेत. नावाचं स्पेलिंग लिहिणारा कारकून बहुधा विदर्भाचा नसायचा, त्यामुळे मेश्रामचं मेसराम, मेशरम असं काहीही होतं. कित्येकांचं आडनाव लिहिलेलंच नाही, नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव आहे. म्हणून म्हटलं, नाव शेवटी.

गावात गेल्यावर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरपेक्षा पारावरचे म्हातारे लवकर सांगतात. "आबाजी, तुमच्या गावचं कोणी लढाईवर गेलं होतं काय?" असा साधा प्रश्न टाका आणि तुमच्याजवळचं नाव लगेच सांगू नका. त्यांनी आपणहून तेच नाव घेतलं तर तो पुरावा होतो, तुम्ही सांगितल्यावर मान डोलावली तर नाही. नंतर शाळेचा दाखला खारीज रजिस्टर आणि सातबाऱ्यावरचे फेरफार, या दोन ठिकाणी वारसांची साखळी जुळते.

जुळलं हे कधी म्हणायचं

एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन गोष्टी जुळल्या तरच. टोपीतला नंबर आणि लाँग रोल, किंवा पेटीवरचं नाव आणि घरातलं डिस्चार्ज सर्टिफिकेट. स्वातंत्र्यानंतरची पदकं असतील तर काम सोपं होतं, त्यांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. एकाच इंटरनेट पानावरून दोघांनी उतरवलेली माहिती म्हणजे दोन पुरावे नव्हेत. वहीत प्रत्येक उमेदवारापुढे सिद्ध, शक्य किंवा अंदाज असं लिहा, आणि टोपी पुढे विकली तरी हा शेरा तिच्यासोबत जाऊ द्या.

कुटुंबाशी बोलताना

आधी पत्र किंवा ओळखीच्या माजी सैनिकामार्फत निरोप, मग फोन. टोपीचे फोटो आणि नाव लगेच सगळीकडे टाकू नका. जाहीर झालं की खोटे वारस पुढे येतात आणि खऱ्यांना ही बातमी परक्याच्या तोंडून कळते. भेटीत टोपी परत मागितली जाईल ही शक्यता आधीच मनात धरा आणि आपलं उत्तर ठरवून जा: भेट द्यायची, घेतलेल्या भावात द्यायची की आपल्याकडेच ठेवून फोटो द्यायचे. तिन्हींत गैर काही नाही, पण दारात उभं राहून भाव सांगणं वाईट दिसतं. कधी घरच्यांना ती नकोच असते. आजोबा त्या दिवसांबद्दल बोलत नसत, एवढंच सांगून ते चहा विचारतात. तेवढ्यावर उठावं.

कायद्याच्या तीन बाबी. शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, म्हणजे पहिल्या महायुद्धातली टोपी लंडनच्या नातवाला परस्पर पार्सल करण्याचा विचार सोडा. दुसऱ्या महायुद्धातल्या टोपीला अजून ही अडचण नाही. लोकांनी आपल्याला फौजी समजावं म्हणून लष्करी पोशाख किंवा खूण मिरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. आणि देताना-घेताना साध्या कागदावर पावती करा: वस्तूचं वर्णन, आतला नंबर, तारीख, दोघांच्या सह्या. टोपीसोबत तुमच्या शोधवहीची झेरॉक्स प्रत द्या आणि मूळ वही स्वतःजवळ ठेवा, कारण त्याच पेटीतला मग किंवा पट्टा पुढच्या वर्षी इतवारीत सापडू शकतो.